दोरीच्या गाठींतली बंदरे

तळहाताएवढी एक लाकडी फळी, तिच्या मधोमध भोक, भोकात अडकवलेली दोरी आणि त्या दोरीला मारलेल्या गाठी. अरबी समुद्रावरच्या मालमांनी, म्हणजे जहाजाची वाट ठरवणाऱ्या खलाशांनी, ताऱ्याची उंची मोजायला शतकानुशतके जे साधन वापरले, त्याचे वर्णन एवढ्यात संपते. अरब खलाशी त्याला कमाल म्हणत. दोरीवरची एकेक गाठ एकेका बंदराची. मालम हव्या त्या बंदराची गाठ दातांत धरी, हात लांब करून दोरी ताठ करी आणि फळीची खालची कड क्षितिजाला टेकवी. ध्रुव बरोबर वरच्या कडेवर बसला, तर जहाज त्या बंदराच्या अक्षांशावर आले. ध्रुव फळीच्या वर दिसला, तर जहाज अजून उत्तरेला आहे. फळीआड गेला, तर दक्षिणेला. मग सुकाणू वळवायचे, बंदराच्या रेषेवर यायचे आणि ती रेषा न सोडता सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला चालत राहायचे. आकडा वाचावा लागत नसे, म्हणून दिवा लागत नसे. गाठ अंधारातही जिभेला आणि बोटांना कळे.

नौकानयनाच्या साधनांचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एखाद्या जिन्यासारखा मांडलेला असतो. तळाच्या पायरीवर कमाल, वर पितळी ॲस्ट्रोलेब, त्याच्यावर ऑक्टंट आणि सेक्स्टंट, शेवटी उपग्रह. या मांडणीत कमाल म्हणजे पुढच्या चांगल्या साधनांची कच्ची सुरुवात ठरतो, आणि ते वापरणारे लोक आपोआप मागासलेले ठरतात. मला ही मांडणी चुकीची वाटते. कमाल हे अरबी समुद्राच्या अक्षांशांसाठी, किनाऱ्यांसाठी आणि वाऱ्यांसाठी घडलेले पूर्ण विकसित साधन होते. त्या पाण्यावर ते समकालीन युरोपीय ॲस्ट्रोलेबपेक्षा सरस होते, आणि का सरस होते हे आज साध्या भूमितीने दाखवता येते. साधनाची किंमत ते कशाचे बनले आहे यावरून होत नाही, कोणत्या समुद्राच्या कोणत्या प्रश्नाला ते उत्तर देते यावरून होते. हा निकष लावला की जिन्याची कल्पना टिकत नाही.

आधी समुद्राचा प्रश्न समजून घेऊ. अरबी समुद्राला तीन बाजूंनी जमीन आहे. पूर्वेचा भारतीय किनारा खंबायतपासून कन्याकुमारीपर्यंत मोठ्या अंतराने उत्तर-दक्षिण पसरलेला. पश्चिमेला आफ्रिकेचा किनाराही बराचसा तसाच. अशा समुद्रात पूर्वेला निघालेले जहाज भारताला चुकणे जवळजवळ अशक्य. चुकते ते बंदर. म्हणजे आपण किती पूर्वेला आलो हा प्रश्न इथे दुय्यम होता. किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत हा खरा प्रश्न होता. दीव जवळपास २०.७ अंशांवर, चौल साडेअठरावर, दाभोळ साडेसतराच्या आसपास, गोवा साडेपंधरावर, कालिकत सव्वाअकरावर. किनारा उत्तर-दक्षिण असल्यामुळे प्रत्येक बंदराची ध्रुवउंची वेगळी आणि ती उंची हाच त्या बंदराचा पत्ता. ही जाण फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस या वाटेने गेलेल्या मार्को पोलोने कन्याकुमारी, मलबार आणि गुजरात यांच्या वर्णनात ध्रुव पाण्यापासून किती हात वर दिसतो ते आवर्जून सांगितले आहे, आणि गुजरातेत तो सहा हात उंच असल्याचे नोंदवले आहे. व्हेनिसच्या व्यापाऱ्याने ही पद्धत घरून आणलेली नव्हती. ज्या जहाजांवर तो बसला, तिथले खलाशी बंदरांबद्दल याच भाषेत बोलत असणार.

आता फळीची भूमिती पाहू. फळीची उंची १० सेंटिमीटर धरू. डोळ्यापासून ती जितकी लांब, तितका तिने झाकलेला कोन लहान. १० अंशांचा कोन झाकायला फळी डोळ्यापासून सुमारे ५७ सेंटिमीटरवर हवी आणि ११ अंशांसाठी सुमारे ५२ सेंटिमीटरवर. म्हणजे मलबारच्या अक्षांशात एका अंशाला दोरीवर पाच सेंटिमीटरची जागा मिळते. याच फळीवर कालिकतच्या अक्षांशाएवढ्या कोनाची गाठ ५१ सेंटिमीटरच्या जवळ पडेल, गोव्याची ३७ च्या, मुंबईची ३० च्या आणि दीवची २७ च्या. गोवा आणि मुंबई यांच्या गाठींमध्ये जवळपास सात सेंटिमीटर अंतर राहते. हात थोडा हलला, दोरी किंचित सैल पडली, तरी एका बंदराचे दुसरे बंदर होत नाही. उलट फळी लिस्बनच्या अक्षांशावर नेली तर काय होते? ३८ अंशांना ती डोळ्यापासून फक्त साडेचौदा सेंटिमीटरवर येते आणि ३८ व ३९ अंशांच्या गाठींमधले अंतर चार मिलिमीटर उरते. इतक्या जवळची कड डोळ्याला स्पष्टही दिसत नाही. शिवाय दोरी दातांत आणि नजर डोळ्यात, यांच्यातला फरक फळी लांब असताना किरकोळ असतो आणि ती नाकाजवळ आली की मोठा होतो. तेव्हा कमाल हे कुठल्याही समुद्रावर चालणारे ढोबळ साधन नाहीच. विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेपासून कर्कवृत्ताच्या आसपासपर्यंत ते उत्तम चालते, वर गेले की निकामी होत जाते. अरबी समुद्रातली बहुतेक मोठी बंदरे नेमकी याच पट्ट्यात आहेत.

या भूमितीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची. उंची मोजायची म्हणजे कशापासून तरी मोजायची. ॲस्ट्रोलेब ती लंबरेषेपासून मोजतो: कडी अंगठ्यात अडकवून तबकडी लोंबती ठेवायची, ती स्थिर झाली की मधली पट्टी फिरवून तारा किंवा सूर्य नेमायचा. जमिनीवर हे छान जमते. डोलणाऱ्या जहाजावर मात्र लोंबणारी वस्तू जहाजाबरोबर झोके घेते आणि लंबरेषाच हरवते. कमालाचे दोन्ही आधार, क्षितिज आणि तारा, जहाजाच्या बाहेर आहेत. जहाज कलले तर मालम कलतो, पण तारा आणि क्षितिज यांच्यातला कोन बदलत नाही. ॲस्ट्रोलेबची दुसरी अडचण मापाची. वास्को द गामाच्या १५०२ च्या आरमारातले एक जहाज ओमानच्या किनाऱ्याजवळ १५०३ मध्ये बुडाले. त्याच्या अवशेषांत २०१४ मध्ये एक तबकडी सापडली. आजवर मिळालेल्या सागरी ॲस्ट्रोलेबांत ती सर्वांत जुनी मानली जाते. तिचा व्यास साडेसतरा सेंटिमीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या आत, वजन ३४४ ग्रॅम. झिजलेल्या पृष्ठभागाचे लेझरने चित्रण केल्यावर दर पाच अंशांना एक अशा खुणा दिसल्या. एवढ्या तबकडीच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. तोच अंश कालिकतच्या पाण्यात कमालाच्या दोरीवर पन्नास मिलिमीटर जागा घेतो. लाकूड आणि सुतळी स्वस्त, पितळ महाग, हे खरे. पण या दोघांत त्या पाण्यावर बारीक मोजणारे कोण, हे आकडेच सांगतात.

इथे एक जोरदार आक्षेप समोर येतो, आणि तो त्या काळच्याच एका जाणकाराचा आहे. १५०० मध्ये पोर्तुगीज सेनानी काब्राल याच्या आरमाराबरोबर मेस्त्रे जुआंव नावाचा वैद्य आणि ज्योतिषी होता. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून १ मे १५०० रोजी त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिले. समुद्रावर ताऱ्याची उंची घेणे जवळपास अशक्य आहे, जहाज थोडे डोलले तरी चार-पाच अंशांची चूक होते, म्हणून जमिनीवर उतरूनच मोजावे लागते, असे तो त्यात सांगतो. पुढे हिंदुस्थानातून आणलेल्या फळ्यांबद्दलही लिहितो, आणि त्यांच्याविषयी त्याचे मत अधिकच वाईट आहे: लिस्बन ते कॅनरी बेटे एवढ्या प्रवासात फळ्या वापरणाऱ्यांची मोजमापे एकमेकांशी तीन-चार अंगुळांनी जुळत नव्हती, राजाने पाहिले असते तर त्याला हसू आले असते. तीन-चार अंगुळे म्हणजे साधारण पाच-सहा अंश. कमाल खरोखर इतका चांगला होता, तर प्रशिक्षित नाविकांच्या हातात त्याची ही गत का झाली?

उत्तर पत्रातच दडलेले आहे. हा प्रयोग झाला लिस्बन आणि कॅनरी बेटांच्या दरम्यान, म्हणजे सुमारे ३९ ते २८ अंशांच्या पट्ट्यात. वर पाहिल्याप्रमाणे याच पट्ट्यात दोरीवरचा अंश सात मिलिमीटरपासून चार मिलिमीटरपर्यंत आकसतो आणि फळी नाकासमोर येते. ज्या पाण्यासाठी साधन घडले, त्या पाण्यावर त्याची परीक्षा झालीच नाही. दुसरे कारण माणसाचे. गाठींची जागा वापरणाऱ्याच्या हाताच्या लांबीशी, दातांपासून डोळ्यापर्यंतच्या अंतराशी आणि त्याच्या सवयीशी बांधलेली असते. ओळखीच्या बंदरात नांगर टाकून, तिथला ध्रुव पाहून गाठ मारली, तर मारणाऱ्याच्या शरीरातली आणि हातातली चूक त्या गाठीतच शोषली जाते. पुढच्या वेळी तीच चूक तशीच होते आणि हिशेब जुळतो. हिंदुस्थानच्या पहिल्या सफरीहून गामा परतल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. दुसऱ्याच्या मापाच्या दोऱ्या नवख्या हातांत दिल्या, तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येणारच. मेस्त्रे जुआंवचे निरीक्षण प्रामाणिक आहे आणि मी ते जसेच्या तसे मानतो. त्यातून सिद्ध होते ते इतकेच की कमाल हे साधन, समुद्र आणि शिक्षण या तिन्हींचे मिळून असते. एकटी फळी उचलून नेली की तिच्यातले ज्ञान मागेच राहते.

न्यायाचे म्हणायचे तर पोर्तुगीजांचा ॲस्ट्रोलेबही मूर्खपणा नव्हता. पंधराव्या शतकात ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला सरकत गेले. विषुववृत्ताजवळ ध्रुव क्षितिजात बुडाला आणि त्यांना दुसरा आधार शोधावा लागला. त्यांनी दुपारच्या सूर्याची उंची घेतली आणि रोजच्या सूर्यस्थानाची कोष्टके वापरली; अब्राहम झाकुतो याच्या पंचांगाची छापील आवृत्ती १४९६ ची आहे. उष्ण कटिबंधात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. असे मोठे कोन कमालाच्या आवाक्याबाहेरचे, आणि त्याकडे पाहायचे म्हणजे डोळे सूर्यात घालायचे. ॲस्ट्रोलेबमध्ये छिद्रातून पडणारा कवडसा पाहून हे काम डोळ्यांना इजा न होता होते. दक्षिण अटलांटिकचा प्रश्न निराळा होता, त्याचे उत्तर निराळे निघाले. गामाच्या पहिल्या सफरीत त्याच्या जहाजावरच्या कुणीतरी लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. २४ एप्रिल १४९८ ला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मालिंदी सोडल्यावर पुढच्या रविवारी ध्रुवतारा पुन्हा दिसला, तो फार दिवस दृष्टिआड होता, असे तिच्यात नमूद आहे. ती नोंद म्हणजे एका समुद्राच्या पद्धतीतून दुसऱ्या समुद्राच्या पद्धतीत जहाज शिरल्याची नोंद आहे. तेवीस दिवस जमीन न पाहता ते जहाज मलबारच्या डोंगरांसमोर आले आणि २० मे रोजी कालिकतजवळ नांगर पडला. वाट दाखवणारा माणूस मालिंदीत मिळालेला होता.

त्या वाटाड्याबद्दल इतिहासकार जुआंव द बारुश याने १५५२ मध्ये छापलेल्या ग्रंथात जे लिहिले आहे, ते आपल्या विषयाला थेट भिडते. तो गुजरातचा मुसलमान होता; गामाने त्याला मोठा लाकडी ॲस्ट्रोलेब आणि काही धातूचे दाखवले तेव्हा त्याला नवल वाटले नाही. तांबड्या समुद्राचे नाविक सूर्य आणि तारे घेण्यासाठी पितळी साधने वापरतात, पण आपण आणि खंबायतचे व हिंदुस्थानचे खलाशी उत्तरेच्या, दक्षिणेच्या आणि आकाश ओलांडणाऱ्या ताऱ्यांवर चालतो आणि मोजायला तीन फळ्यांचे साधन घेतो, असे त्याने सांगितले आणि ते साधन दाखवले. बारुश स्वतः तिथे नव्हता आणि घटनेनंतर अर्ध्या शतकाने लिहीत होता, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही एक पोर्तुगीज राजनिष्ठ लेखक आपल्या नायकाला कमीपणा आणणारा प्रसंग उगाच रचील असे वाटत नाही. आणि त्या वाटाड्याचे बोलणे पाहा: त्याला पितळी साधन ठाऊक आहे, ते कोण वापरतात हे ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तो फळी निवडतो. भारतात ॲस्ट्रोलेब त्याआधीच रुजलेला होता. फिरोजशहा तुघलकाच्या पदरी असलेल्या महेंद्र सूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये त्यावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. ज्योतिषाच्या घरात ॲस्ट्रोलेब आणि तांडेलाच्या हातात फळी, ही वाटणी अज्ञानातून आलेली नव्हती.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो: ही सगळी हातोटी होती, शास्त्र नव्हते, मालम गाठ मोजत असेल, पण ती का बरोबर येते हे त्याला कळत नसेल. हा समज मोडायला एकच गोष्ट पुरे आहे. आज ध्रुवतारा खगोलीय उत्तर ध्रुवापासून एका अंशाहून कमी अंतरावर आहे, म्हणून आपण तो अचल समजतो. १५०० च्या सुमारास तो साडेतीन अंश दूर होता आणि चोवीस तासांत ध्रुवबिंदूभोवती एक फेरी मारी. त्यामुळे एकाच ठिकाणाहून त्याची उंची सात अंशांनी वरखाली होई. सात अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे पावणेआठशे किलोमीटर. कालिकतची गाठ चुकीच्या वेळी धरली तर मालम गोव्याच्याही पुढे चुकला असता. म्हणून ध्रुव फेऱ्याच्या कोणत्या बिंदूवर आहे ते आधी कळायला हवे, आणि ते कळे नक्षत्रांवरून. त्या काळी हस्त नक्षत्र याम्योत्तर वृत्तावर आले की ध्रुव आपल्या फेऱ्याच्या जवळजवळ तळाशी असे. अरब नाविक ध्रुवाची सर्वांत खालची उंची हे प्रमाण मानत आणि इतर वेळी, चंद्राच्या अठ्ठावीस नक्षत्रांपैकी कोणते माथ्यावर आहे ते पाहून, ठरलेली वजावट करत. त्या वजावटीला त्यांच्यात ‘बाशी’ असे नाव होते. ध्रुव फार खाली गेला की ध्रुवमत्स्यातले दोन तेजस्वी तारे घेत, ज्यांना ते फर्कदान म्हणत. आणखी दक्षिणेला अगस्त्य आणि इतर दक्षिणी तारे. ही हातोटी आहेच, पण तिच्या पाठीशी आकाश फिरते कसे याचे पक्के ज्ञान उभे आहे.

हे ज्ञान केवळ तोंडी राहिले नव्हते. आजच्या रास अल खैमाजवळच्या जुल्फार इथल्या अहमद इब्न माजिद याने १४९० च्या सुमारास नौकानयनावर मोठा गद्य ग्रंथ लिहिला आणि त्याखेरीज पाठांतराला सोप्या अशा कितीतरी पद्यरचना केल्या. त्याच्यानंतर सुलेमान अल महरी याने तेच शास्त्र अधिक नेटके मांडले. या ग्रंथांत उंचीचे माप इस्बा, म्हणजे अंगुळ. एका अंगुळाला साधारण १ अंश ३६ कला. आठ ‘झाम’ चालले की ध्रुव एक अंगुळ वर किंवा खाली जातो, आणि एक झाम म्हणजे तीन तासांची चाल. कोन, अंतर आणि वेळ ही तिन्ही मापे अशी एकमेकांत गुंफलेली होती. जहाज सरळ उत्तरेला न जाता तिरके चालले, तर एक अंगुळ चढायला किती झाम जास्त लागतील याचेही हिशेब होते. बंदरांच्या याद्या अंगुळांनी लावलेल्या, आणि त्यांत आपल्या चौल-दाभोळचीही नावे येतात. ऑटोमन दर्यासारंग सीदी अली रईस १५५४ मध्ये वादळात सापडून गुजरातला लागला, तेव्हा त्याने अहमदाबादेत बसून या अरबी ग्रंथांच्या आधारे तुर्कीत ‘मुहित’ लिहिला. ज्या विद्येचे ग्रंथ आहेत, मापे आहेत, सुधारणा आहेत आणि ती दुसऱ्या भाषेत न्यावी असे परक्या दर्यासारंगालाही वाटते, तिला नुसती सवय म्हणणे योग्य नाही.

तिसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो आणि तो मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. मालम मुख्यतः खुणांवर चालत होते; ताऱ्यांचे मोजमाप हा पुस्तकी भाग. पाण्याचा रंग, तळाचा चिखल, पक्षी, भारतीय किनारा जवळ आल्यावर दिसणारे समुद्रसाप, या सगळ्यांची इब्न माजिदनेच सविस्तर नोंद केली आहे. मग फळीचे काय महत्त्व? महत्त्व असे की खुणा किनारा जवळ आल्याचे सांगतात, कोणत्या बंदराचा किनारा ते सांगत नाहीत. साप कालिकतसमोर दिसतील, तसे दाभोळसमोरही दिसतील. आणि या समुद्रात चुकीच्या ठिकाणी लागण्याची किंमत फार मोठी होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या ऐन जोरात भारताचा पश्चिम किनारा जहाजांना बंद असतो. कोकणात परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी घालत नसत. एडनहून येणारी जहाजे पावसाचा जोर ओसरता ओसरता किनारा गाठायचा बेत करून निघत. त्या वेळी या किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेला वाहतो. बंदराच्या खाली लागलेले गलबत प्रवाहाविरुद्ध वर चढवणे हे दिवसच्या दिवस खाणारे काम. थोडे वर लागून खाली उतरणे सोपे. परतीचा वारा ठरावीक महिन्यांत वाहणार, माल विकून नवा भरायला मुदत ठरलेली. इथे दोन अंशांची चूक म्हणजे कधी कधी अख्ख्या हंगामाचे नुकसान. खुणा आणि तारे यांच्यात स्पर्धा नव्हती. खोल पाण्यात तारे रेषा देत आणि जवळ आल्यावर खुणा ती पक्की करत.

राहिला शेवटचा प्रश्न: इतके चांगले साधन होते, तर ते गेले कुठे? पहिली गोष्ट म्हणजे पोर्तुगीज आले म्हणून ते गेले नाही. १८३६ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अरबांच्या सागरी साधनांवर टिपण लिहिले ते ‘मुहित’च्या नव्या भाषांतरामुळे, आणि त्या जुन्या ग्रंथातली साधने त्याला जिवंत खलाशांच्या मदतीने समजून घेता आली. १८५० मध्ये काँग्रीव्ह नावाच्या अधिकाऱ्याने मद्रासच्या एका नियतकालिकात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या देशी खलाशांची साधने नोंदवली, तेव्हाही फळी आणि बंदरांच्या गाठींची दोरी वापरात होती. म्हणजे गामानंतर साडेतीनशे वर्षे. दरम्यान इंग्लंडमध्ये जॉन हॅडली याने १७३१ मध्ये आरशांचा ऑक्टंट मांडला. त्यात तारा आणि क्षितिज एकाच वेळी डोळ्यात येतात. कोन वाचायची रीत नवी होती, पण जहाजाबाहेरच्या दोन खुणांमधला कोन घ्यायचा, हे तत्त्व कमालाचेच. लोंबत्या ॲस्ट्रोलेबच्या नंतर समुद्रावर स्थिरावलेले साधन त्या तत्त्वावर उभे होते, ही गोष्ट जिन्याची कल्पना मानणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. ऑक्टंटमध्ये मोठे कोन मावत, सूर्य घेता येई आणि तो कोणत्याही समुद्रावर चाले. अठराव्या शतकात अचूक सागरी घड्याळ आले आणि रेखांशाचाही प्रश्न सुटला. सगळे महासागर ओलांडणाऱ्या जहाजांना सगळ्या महासागरांवर चालणारे साधन हवे होते. पुढे वाफेची जहाजे आली; त्यांनी वाऱ्याच्या हंगामांचे गणितच बदलले आणि शिडांच्या लांब पल्ल्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. कमाल वाईट ठरला म्हणून मागे पडला नाही. ज्या प्रश्नाचे तो नेमके उत्तर होता, तो प्रश्न विचारणारी जहाजे कमी होत गेली. त्याच्या मर्यादा मात्र खऱ्या होत्या आणि त्या झाकायची गरज नाही: तारा आणि क्षितिज दोन्ही एकदम दिसायला हवीत, म्हणून संधिप्रकाश किंवा चांदणे हवे, ढगाळ रात्री तो मुका, आणि एका माणसाची दोरी दुसऱ्याला तशीच वापरता येत नसे.

हे साधन कुणाचे, यावरही वाद होतो. अरब म्हणतात आमचे, गुजरात आणि तमिळ किनाऱ्याचे अभ्यासक आपापला पुरावा देतात. चीनमध्ये मिंग काळातल्या एका नोंदीत लहान-मोठ्या बारा आबनुसी फळ्यांचा संच वर्णिला आहे, आणि मिंग दर्यासारंग झेंग हे याच्या सफरींशी जोडलेल्या तारकाचित्रांत होर्मुझ ते कालिकतच्या वाटेवरच्या उंच्या अंगुळांतच दिल्या आहेत. पुरावा पाहता कुठल्याही एका देशाच्या नावावर ते चढवणे मला पटत नाही. गुजराती मालम, अरब नाखुदा, लक्षद्वीपचे आणि कोरोमंडलचे खलाशी एकाच वाऱ्यावर, एकाच बंदरांत आणि अनेकदा एकाच जहाजावर काम करत होते. माप, शब्द आणि दोऱ्या त्यांच्यात फिरत राहिल्या. हा एका धंद्याचा सामाईक वारसा आहे आणि त्यात आपला वाटा आहे, एवढे म्हणणे पुरेसे आणि खरे आहे. मुंबई विद्यापीठात भूगोल शिकवणारे बी. अरुणाचलम यांनी तमिळ, गुजराती आणि इतर देशी नौकानयन परंपरांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. लोतिका वरदराजन यांनी लक्षद्वीपची रहमानी, म्हणजे मालमाची वाटचाल-पोथी, अभ्यासून प्रसिद्ध केली. अशा कामातूनच कळते की ही विद्या विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत पोचली होती.

मराठीत समुद्राचा इतिहास आपण लिहितो तो बहुतांशी जलदुर्गांचा, आरमाराचा आणि लढायांचा. तो लिहायलाच हवा. पण चौलला घोडे उतरत होते, दाभोळहून कापड जात होते, ते ज्या माणसांच्या भरवशावर, त्यांच्या डोक्यात काय होते हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. कमाल या प्रश्नाचे एक ठोस उत्तर हातात देतो: त्या माणसांना नक्षत्रे केवळ शुभाशुभासाठी ठाऊक नव्हती, ध्रुवाची वजावट करायला ठाऊक होती, त्यांना कोन, चाल आणि वेळ यांचे नाते माहीत होते, आणि त्यांनी ते सगळे अशा वस्तूत बसवले जी कुठल्याही बंदरात एक लाकडाचा तुकडा आणि वावभर दोरी मिळाली की पुन्हा बनवता येई. स्वस्तपणा हा इथे दुबळेपणा नाही. जे साधन हरवले तर त्याच दिवशी नवे करता येते, ते समुद्रावर अधिक भरवशाचे. म्हणून संग्रहालयात किंवा पाठ्यपुस्तकात पितळी तबकडीशेजारी ही फळी ठेवताना तिच्याखाली ‘प्राथमिक साधन’ अशी चिठ्ठी लावू नये. कोणत्या अक्षांशांवर, कोणत्या ताऱ्यासाठी आणि कोणत्या बंदराच्या शोधात ती वापरली, एवढे तिथे लिहिले की पाहणाऱ्याला तिची योग्यता आपोआप कळेल. आणि कोकणच्या बंदरांत जुन्या पोथ्या, याद्या किंवा तोंडी हिशेब उरले असतील, तर ते शोधण्याचे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही. लाकूड आणि दोरी केव्हाही पुन्हा मिळतील. गाठ कुठे मारायची हे ज्यांना माहीत होते, त्यांची माणसे आणि कागद फार काळ वाट पाहणार नाहीत.